लेक चोरून खाते आणि ओकते : हा नाद नव्हे, आजार आहे



आपल्या मळ्यातला झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर रात्रीच्या टेम्पोत चढते आणि पहाटे मुंबईला दादरला उतरते. स्टेशनाला लागून फुलांचा बाजार आहे आणि जवळच क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाची भाजी मंडई आहे. मालाच्या पाठोपाठ आपली लेकरेही दादरलाच उतरतात. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांच्या गाड्या तिथे थांबतात. त्यामुळे कॉलेजला, नर्सिंगला, परीक्षांच्या क्लासला किंवा नोकरीला गेलेली खेड्यातली मुले दादर, परळ, माटुंगा या भागात वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत किंवा मामा-मावशीकडे राहतात.

मालाचा भाव आपल्याला सकाळी फोनवर कळतो. लेकीच्या ताटात काय चालले आहे ते मात्र महिनोन् महिने कळत नाही. "जेवलीस का?" असे आपण विचारतो, "जेवले" असे ती सांगते, आणि बोलणे संपते.

या लेखात एका आजाराची माहिती द्यायची आहे. त्याचे नाव बुलिमिया. यात माणूस चोरून, भराभर, पोटाला तडस लागेपर्यंत खातो आणि मग भीतीने व शरमेने ते अन्न अंगाला लागू नये म्हणून खटपट करतो. हा आजार लपूनछपून वाढतो आणि घरच्यांना कळतो तेव्हा बहुधा रागाने कळतो. राग येणे साहजिक आहे, पण रागाने हा आजार हटत नाही, उलट आणखी आत दडी मारतो.

समजा, अशी एक मुलगी आहे

समजा, तुमच्या-आमच्या गावची एक मुलगी बारावीनंतर दादरला शिकायला गेली. घरी असताना भाकरी-कालवण पोटभर खाणारी, शेतात राबणारी, खात्यापित्या घरची. तिथे खोलीतल्या मुली सहज म्हणाल्या, "गावाकडचं अंग आहे हिचं." दिवाळीला घरी आली तर मावशी म्हणाली, "मुंबईचं पाणी मानवलं गं बाई, चांगलीच सुटलीस! आता स्थळं बघायची आहेत, जरा बेतानं खा."

बोलणारे बोलून विसरले, पण मुलीने ते मनात धरले. परत गेल्यावर तिने सकाळचा नाश्ता सोडला. मग दुपारचा डबा तसाच परत येऊ लागला. आठ दिवस सगळे तिच्या मनासारखे झाले. नवव्या दिवशी संध्याकाळी क्लासहून परतताना पोटात आगडोंब उसळला. स्टेशनाबाहेर वडापावचा वास आला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, मग बिस्किटे, फरसाण, जे हाताला लागेल ते. हात थांबेना. पोट दुखायला लागले तेव्हा ती भानावर आली आणि घाबरली. इतक्या दिवसांचे केलेले सगळे पाण्यात गेले, असे वाटून तिने ते ओकून टाकले. रात्री रडून शपथ घेतली की उद्यापासून काही खाणार नाही. दुसऱ्या दिवशी उपाशी राहिली, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच झाले.

उपास, मग अनावर खाणे, मग ओकणे, मग शरम आणि शरमेपोटी पुन्हा उपास. बैल तेलघाण्याला फिरावा तशी ती मुलगी या फेऱ्यात फिरत राहते. कुणी ओकत नाही, पण जुलाबाची औषधे घेते, दोन-दोन दिवस अन्नाला शिवत नाही किंवा दमून पडेपर्यंत व्यायाम करते. मार्ग वेगळा असला तरी आजार तोच.

नावातच बैल आहे

बुलिमिया हा शब्द जुन्या ग्रीक भाषेतला. त्या भाषेत 'बूस' म्हणजे बैल आणि 'लिमोस' म्हणजे भूक, म्हणून बुलिमिया म्हणजे बैलाची भूक. लंडनमधले मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ साली आपल्या ३० रुग्णांची हकिगत लिहून हा एक स्वतंत्र आजार असल्याचे वैद्यकशास्त्रापुढे मांडले. आज डॉक्टर साधारण असा हिशेब धरतात : असे अनावर खाणे आणि त्यानंतरची खटपट आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने घडत असेल आणि माणूस स्वतःची सारी किंमत वजनावरून व अंगलटीवरून करत असेल, तर तो बुलिमिया. पण उपचारासाठी तीन महिने भरण्याची वाट पाहायची नसते.

आपल्याकडे कुणी फार खाऊ लागले की "याला भस्म्या झालाय" असे म्हणतात. भस्म्या झालेल्याला कितीही खाल्ले तरी भूक भागत नाही, असे जुने लोक सांगतात. बुलिमिया वेगळा. यात भूक भागलेली असते, पोट फुटायला आलेले असते, तरी हात थांबत नाही. आणि खाण्यात चवीचा आनंद नसतो, भीतीच असते.

बैलाच्या नावावरूनच एक गोष्ट आपल्याला चटकन समजेल. उन्हाळाभर मूठभर कडब्यावर काढलेले जनावर दावे तोडून हिरव्या लसूणघासात शिरले तर काय करते? पोट फुगेपर्यंत खाते. त्या जनावराला आपण हावरे म्हणत नाही. उपाशी होते, म्हणून तुटून पडले, हे आपल्याला कळते. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून त्याला पुन्हा उपाशी बांधणारा शेतकरी शहाणा नव्हे. तसे केले तर ते पुन्हा दावे तोडेल. वैरण रोजच्या वेळेला, बेताने, पण पुरेशी मिळाली की जनावर आपोआप शांत होते.

माणसाच्या बाबतीतही हे तपासून पाहिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण मनाने खंबीर म्हणून निवडलेले होते. पण अर्धपोटी राहिल्यावर ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागले तेव्हा त्यांच्यापैकी काही जण पोट भरले तरी खातच राहिले. ते मुळात खादाड नव्हते, उपासमारीने त्यांची ती गत केली.

आपल्या म्हाताऱ्या माणसांनी "एकादशी आणि दुप्पट खाशी" असे थट्टेने म्हटले आहे. त्या थट्टेत शरीराचा हा नियमच सांगितला आहे. व्रताचा एखादा उपास करून माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा जेवतो, त्याला आजार म्हणायचे कारण नाही. पण ज्या मुलीला हा आजार जडला आहे, तिने बरे होईपर्यंत संकष्टी, एकादशी, नवरात्र काहीही धरू नये. आजाऱ्याला उपासाची सक्ती नाही, ही आपली जुनी रीत आहेच.

ओकल्याने अंग उतरत नाही

मुलीला वाटते की खाल्लेले ओकले म्हणजे खाल्लेच नाही. हा समज खोटा आहे. ओकले तरी खाल्लेल्यातला बराच भाग अंगी लागलेला असतो. जुलाबाच्या औषधाने तर प्रामुख्याने पाणी निघून जाते. काट्यावर वजन कमी दिसते ते पाण्याचे, आणि ते एक-दोन दिवसांत परत भरते. म्हणूनच बुलिमिया झालेली बहुतेक माणसे हाडकुळी दिसत नाहीत. चारचौघांसारखी दिसतात. "हिला कसला आजार? चांगली तर दिसते!" असे घरचे म्हणतात ते यामुळेच.

पण आत नुकसान होत असते. शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश ही नावे पाठ असतात. त्यातला पालाश, म्हणजे पोटॅशियम, माणसाच्या रक्तातही ठरावीक प्रमाणात लागतो. वारंवार ओकल्याने आणि जुलाबाने तो कमी होतो. पालाश कमी पडला की हातापायांत गोळे येतात, गळून गेल्यासारखे होते आणि काळजाचे ठोके बिघडतात. ठोके फार बिघडले तर जिवावर बेतू शकते. हे नुकसान बाहेरून दिसत नाही, रक्ताच्या तपासणीतच कळते. म्हणून नारळपाणी पाजून घरच्या घरी भागवू नये, डॉक्टरांना सांगून तपासणी करून घ्यावी.

पोटातले आम्ल वारंवार तोंडात आल्याने दातांवरचे टणक कवच झिजते आणि दात ठणकू लागतात. कानाखाली, जबड्याजवळच्या लाळेच्या गाठी सुजतात, त्यामुळे गाल फुगल्यासारखे दिसतात. घसा बसतो, छातीत जळजळते, पाळी मागेपुढे होते. ओकताना अन्ननलिकेला चीर पडली तर रक्त येते.

उलटीत रक्त दिसले, चक्कर येऊन मुलगी पडली, छातीत धडधड होऊ लागली किंवा "मला जगायचंच नाही" असे ती बोलू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखान्यात न्या.

शहरातल्या श्रीमंतांचे थेर नव्हेत

"हे असले आजार पैसेवाल्यांना होतात, आमच्या घरी कुठले?" असे कुणाला वाटेल. त्यासाठी दूरच्या एका बेटाचे उदाहरण पाहू.

प्रशांत महासागरात फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथल्या खेड्यांत अंगाने भरलेली बाई चांगल्या घरची मानली जाई. आपल्याकडच्या 'खात्यापित्या घरची' या शब्दांसारखेच ते झाले. त्या देशातील नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. अॅन बेकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी त्या वर्षी शाळकरी मुलींना विचारले, तेव्हा वजनासाठी ओकणारी एकही मुलगी त्यांना आढळली नाही. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा शंभरातल्या सुमारे अकरा मुलींनी, आपण वजन उतरवण्यासाठी ओकतो, असे सांगितले. पडद्यावरच्या सडपातळ बायका पाहून आपले अंग चुकीचे आहे असे त्यांना वाटू लागले होते. आज आपल्या गावात प्रत्येक मुलीच्या हातात मोबाईल आहे, आणि त्यात असले पडदे दिवसभर हलत असतात.

पैसा आणि मान असला तरी हा आजार चुकत नाही, हेही खरे. इंग्लंडच्या राजघराण्यातील डायना हिने १९९५ साली टीव्हीवरील मुलाखतीत आपल्याला बुलिमिया होता हे साऱ्या जगापुढे सांगितले. आपल्याकडे हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री ऋचा चढ्ढा हिने २०१६ साली एका जाहीर भाषणात हीच गोष्ट स्वतःबद्दल सांगितली. अशा बायका बोलल्या, म्हणून इतर अनेकींना आपल्या दुखण्याला नाव मिळाले.

आणि हा केवळ मुलींचा आजार नाही. मुलींमध्ये जास्त आढळतो, पण मुलांनाही होतो. वजनी गटात बसण्यासाठी कुस्तीआधी उपाशी राहणारा, घाम गाळून पाणी तोडणारा आणि कुस्ती झाल्यावर तुटून पडणारा पैलवान आपल्या तालमीत असतो. कबड्डीच्या वजनी सामन्यांतही तेच चालते. यातल्या प्रत्येकाला आजार होतो असे नाही. पण वस्तादांनी आणि आईबापांनी नजर ठेवावी. मुलगा असल्यामुळे तर तो कुणाला सांगायला आणखीच लाजतो.

ओळखावे कसे?

पुढच्या खुणांपैकी एखादी दिसली म्हणून लगेच घाबरू नये. चार-पाच खुणा एकत्र दिसल्या तर मात्र दुर्लक्ष करू नये.

– जेवण होताच दर वेळी मोरीत किंवा संडासात जाणे, नळ सोडून ठेवणे, बराच वेळ बाहेर न येणे.
– सगळ्यांसोबत अगदी थोडे जेवणे, आणि रात्री डब्यांतले लाडू, चिवडा, भाकऱ्या गायब होणे.
– गाद्यांखाली, पिशवीत, कपाटात खाऊची रिकामी पाकिटे सापडणे, खर्चाचे पैसे लवकर संपणे.
– गाल सुजणे, दात आंबणे, आवाज घोगरा होणे, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडणे.
– सतत वजन करणे, आरशापुढे पोट दाबून पाहणे, "मी जाडी आहे" हाच विषय बोलणे.
– एकापाठोपाठ एक उपास धरणे, आजारी असतानाही व्यायाम न सोडणे.
– चारचौघांत जेवायचे टाळणे. लग्नकार्याला, जत्रेला, माहेरपणाला यायचे टाळणे.

उलटीची कारणे पुष्कळ असतात. पित्त, पोटातला जंत, काविळ, गरोदरपण यांतही उलट्या होतात. त्यामुळे घरच्या घरी निदान ठरवू नये. लग्न झालेल्या मुलीला किंवा सुनेला उलट्या होताहेत म्हणून पेढे वाटण्याआधी, आणि लग्न न झालेलीला होताहेत म्हणून तिच्या चारित्र्यावर संशय घेण्याआधी, डॉक्टरांना दाखवावे. संशयाच्या एका शब्दाने मुलगी कायमची गप्प बसते.

"आम्ही पिकवायचे आणि हिने ओकायचे?"

शेतकऱ्याच्या घरात या आजाराला आणखी एक काटा आहे. रात्री दोनच्या विजेला उठून पाणी द्यायचे, कर्ज काढून बी-खत आणायचे, पावसाकडे डोळे लावायचे आणि तेव्हा कुठे चार दाणे घरी यायचे. अशा घरातली मुलगी अन्न ओकून टाकते हे कळल्यावर बापाच्या तोंडून निघून जाते, "आम्ही रक्ताचं पाणी करून पिकवायचं, आणि तू मोरीत घालायचं?"

बापाचे दुःख खरे आहे. ताटात एक घास टाकू नये हे आपण लेकरांना पहिल्यापासून शिकवतो. पण थोडे थांबून विचार करा. ती मुलगीही त्याच घरात वाढली आहे. ती अन्न टाकते तेव्हा तुमचे शब्द तुमच्याआधी तिनेच स्वतःला ऐकवलेले असतात. शहरातल्या मुलीला जेवढी शरम वाटत असेल त्याच्या दुप्पट तिला वाटते, कारण दाणा कसा पिकतो ते तिने डोळ्यांनी पाहिले आहे. आणि या आजाराचे खत म्हणजे शरमच. शरम वाढली की उपास वाढतो, उपास वाढला की अनावर खाणे वाढते. त्यामुळे रागाने बोललेले ते वाक्य खरे असूनही औषधाचे काम करत नाही, विषाचे करते.

मुलीला हिवताप आला आणि अंगात थंडी भरली तर "कशाला कापतेस?" म्हणून आपण तिला मारत नाही. हेही तसेच धरावे.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, एकांतात आणि शांतपणे बोलावे. पाहुण्यांसमोर नको, जेवणाच्या ताटावर तर नकोच. आईने म्हणावे, "बाळ, जेवल्यावर तुला त्रास होतो असं मला दिसतंय. मी रागावणार नाही. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ." पहिल्यांदा ती "मला काही झालं नाही" म्हणेल. वाद घालू नये. "बरं, पण सांगावंसं वाटलं तर मी आहे" एवढे म्हणून थांबावे आणि चार दिवसांनी पुन्हा विचारावे.

दुसरी गोष्ट, घरात कुणाच्याही अंगावर बोलणे बंद करावे. जाडी, काळी, वाळकी, सुटलेली, "हिला कोण पसंत करील?" ही बोलणी आपण थट्टेत घेतो. मुलगी पाहायला येणाऱ्यांनी तोंडावर अंगाची चर्चा केली तर आईबापांनी तिथेच थांबवावे. स्थळ दुसरे मिळेल.

तिसरी गोष्ट, पहारा देऊ नये. कोठीला कुलूप घालणे, मोरीच्या दाराशी उभे राहणे, रोज वजन करायला लावणे, भावंडांना हेरगिरी सांगणे, यांनी आजार हटत नाही, लपवण्याची कला वाढते. त्याऐवजी जेवणानंतर तासभर तिच्यासोबत बसावे. शेंगा फोडाव्यात, पत्ते खेळावेत, दळण निवडावे. ओकण्याची उबळ बहुधा जेवणानंतर लगेच येते आणि तेवढा वेळ सोबत मिळाली की ओसरते.

चौथी गोष्ट, अंगारे-धुपारे, देवऋषी, 'बाहेरची बाधा' यांत दिवस घालवू नयेत. भोंदूचा खर्च होतो, मुलीची बदनामी होते आणि आजार मुरतो.

पाचवी गोष्ट दातांची. उलटी झालीच तर साध्या पाण्याने भरपूर चुळा भराव्यात. लगेच घासल्याने मऊ झालेले दात आणखी झिजतात, म्हणून निदान अर्धा तास तरी घासू नयेत.

खाणावळीची रीत

या आजारावरचा पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे वेळच्या वेळी खाणे. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण, रात्रीचे जेवण आणि मधल्या वेळेत दोन-तीनदा काहीतरी किरकोळ : शेंगदाणे-गूळ, केळे, ताक-पोहे. खाण्यात तीन-चार तासांहून अधिक खंड पडू द्यायचा नाही. काल रात्री अनावर खाणे झाले असले तरी आज सकाळची न्याहारी चुकवायची नाही. उपासाचा दुवा तुटला की सगळी साखळी सैल पडते. हे ऐकायला सोपे आहे, पण जिला प्रत्येक घासाची भीती वाटते तिला फार अवघड जाते. म्हणून सोबत लागते.

दादर-परळ-लालबागच्या गिरणगावाला ही रीत जुन्या काळापासून ठाऊक होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचे आपले आजे-पणजे गिरण्यांत कामाला गेले तेव्हा एकेका खोलीत दहा-दहा जण राहत आणि खाणावळवाल्या बाईकडे जेवत. या राबणाऱ्या बायांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. खाणावळीतली भाकरी साधी असे, पण पाळीच्या वेळेला ठरल्याप्रमाणे मिळे, आणि पंगतीत बसून खाल्ली जाई. कोण जेवायला आला नाही, कुणाचे ताट अर्धे राहिले, हे बाईच्या ध्यानात येई. आज खोलीत एकटीने बसून मोबाईलकडे पाहत खाल्लेले जेवण कुणी पाहत नाही.

म्हणून लेक शहरात असेल तर तिच्यासाठी जेवणाच्या सोबतीची सोय बघा. घरगुती डबा लावा, आणि तो मैत्रिणीसोबत खायला सांगा. आठवड्यातून दोनदा आत्या-मावशीकडे जेवायला जाऊ दे. संध्याकाळी फोन कराल तेव्हा "वजन किती?" विचारू नका, "आज कुणासोबत जेवलीस?" असे विचारा.

डॉक्टरांकडे काय होते?

घरचा आधार हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. आजार अंगाचा आहे तसा मनाचाही आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे ठरणे नव्हे.

दादरला राहणाऱ्या मुलीला परळचे के. ई. एम. रुग्णालय जवळ आहे. १९२६ साली सुरू झालेले हे महापालिकेचे मोठे रुग्णालय. तिथे आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. केसपेपर काढून बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. गावी असाल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवून जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी घ्यावी. आशाताईंना विचारले तर त्या वाट दाखवतील. प्रवास जमत नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. मुलगी स्वतः बोलू शकते, आईबापही विचारू शकतात.

डॉक्टर आधी रक्तातले क्षार, हृदयाचा आलेख, दात वगैरे तपासतात. मग समुपदेशनाच्या बैठका सुरू होतात. त्यात विचार आणि वागणे या दोन्हींवर काम होते. कधी खाल्ले, कुठे, सोबत कोण होते, त्याआधी मनात काय आले, हे मुलगी वहीत लिहिते. शेतकऱ्याच्या डायरीसारखीच ही वही. नोंद ठेवली की कीड कोणत्या हवामानात पडते ते कळते, तसे कोणत्या प्रसंगानंतर खाणे अनावर होते ते कळते आणि आधीच सावध होता येते. अशा साधारण वीस बैठका, म्हणजे चार-पाच महिने लागतात. मुलगी लहान असेल तर आईवडिलांनाही सोबत बसवतात. काही जणांना गोळ्याही देतात. फ्लुओक्सेटिन नावाच्या औषधाला अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळालेली आहे. ते तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यायचे असते. स्वतः दुकानातून आणायचे नाही आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचेही नाही. मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

गावात बोभाटा होईल, लग्न मोडेल, ही भीती मोठी असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे डॉक्टरांना आणि रुग्णालयाला बंधनकारक केले आहे. तेव्हा बोभाटा झालाच तर तो बहुधा आपल्याच ओसरीवरून होतो. घरातली गोष्ट घरात ठेवा.

बरे व्हायला किती दिवस?

काही जण काही महिन्यांत सावरतात, काहींना वर्ष-दोन वर्षे लागतात. मध्येच पुन्हा एखादे दिवशी तोल जातो. परीक्षा, भांडण, लग्नाची बोलणी अशा ताणाच्या वेळी तर हमखास. तेव्हा "इतकं करून पुन्हा तेच?" असे म्हणू नये. मोट एकदा रिकामी आली म्हणून विहीर आटली असे आपण समजत नाही. पुढची न्याहारी वेळेवर द्यावी आणि डॉक्टरांना कळवावे. लवकर उपचार मिळाले तर पुष्कळ जणी पूर्ण बऱ्या होतात, शिकतात, संसार करतात, चारचौघांत पोटभर जेवतात.

पुढच्या सणाला लेक घरी येईल. एसटीतून उतरताच "किती वाळलीस!" किंवा "किती सुटलीस!" हे आपले ठरलेले पहिले वाक्य या खेपेला गिळून टाका. हातातली पिशवी घ्या, पाय धुवायला पाणी द्या आणि एवढेच म्हणा, "चल, पानं घेतलीत. मीही तुझ्यासाठी जेवायची थांबलेय."